दोन्ही टोकं एकाच पेटीत

आमच्या कॉलेजच्या संगणक लॅबमधलं नेटवर्क एका सोमवारी सकाळी पार बंद पडलं. त्याच दिवशी आमची नेटवर्किंगची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि नेटवर्क बंद पाडणारी मीच होते. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवून सांगायला मला जमत नाही. शिवाय ती आठवली की मला आधी हसूच येतं, त्यामुळे लपवूनही उपयोग नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. घरी हळद आणि सोयाबीन, दोन गाई, एक कालवड. संगणक नाही. बी.एस्सी.ला संगणकशास्त्र घेतलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं होतं, "जी वस्तू घरी न्हाई ती शिकशील कशी?" उत्तर मला दुसऱ्या वर्षी मिळालं, आणि ते म्हणजे एक किल्ली होती.

झालं असं, की गोरेगावहून हिंगोलीला निघणारी पहिली जीप चुकली तर दुसरीत बसायला जागा मिळेलच असं नसतं. म्हणून मी साडेआठलाच कॉलेजात पोचायची आणि साडेदहाला लॅब उघडेपर्यंत व्हरांड्यात बसून राहायची. आम्हाला नेटवर्किंग शिकवणाऱ्या मॅडम एकदा लवकर आल्या. मी वहीत स्विचचं चित्र काढत होते. चोवीस भोकं काढून प्रत्येकाला नंबर देत होते.

"हे पाठ करतेस?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई मॅडम. म्हणजे, नाही. आठवून बघते. आत जायला मिळत नाही ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबची जादा किल्ली माझ्या हातावर ठेवली. "सकाळी येऊन सराव करत जा. पण काही बिघडलं ना, तर किल्ली परत घेईन हं."

रोजचे दोन तास मला त्या किल्लीमुळे मिळाले. वर्गातल्या काही जणांकडे घरी लॅपटॉप होते, काहींना हिंगोलीतच राहत असल्यामुळे संध्याकाळी थांबता यायचं. माझ्याकडे फक्त ती सकाळ होती. किल्ली गेली की माझं शिकणंही वहीतल्या चित्रापुरतं उरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी ती ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवायची.

त्या सकाळी फार छान गेल्या. लॅबमध्ये वीस संगणक. मी अकरा नंबरच्या संगणकावर बसायची. मॅडमनी शिकवलं होतं की नेटवर्कमधल्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. सगळ्यांच्या वायरी स्विच नावाच्या पेटीत येतात. कोणता संगणक कोणत्या भोकाला लागलाय हे स्विच लक्षात ठेवतो आणि ज्याचा निरोप त्यालाच पोचवतो. खोलीबाहेर, इंटरनेटवर जायचं असेल तर पुढं राउटर लागतो. पूर्वी स्विचच्या जागी हब असायचा. त्याला कोण कुठं आहे हे कळायचं नाही, त्यामुळे एकाचा निरोप तो सगळ्यांनाच द्यायचा. आमच्या लॅबमध्ये एक जुना हब होता, पण तो उन्हाळ्यात दार उघडं ठेवायला उंबऱ्याशी लावायच्या कामाचा उरला होता.

सगळ्यात आवडायचं ते पिंग. पिंग म्हणजे एका संगणकानं दुसऱ्याला मारलेली हाक. दुसरा जागा असला आणि मधली वायर नीट असली तर तो लगेच ओ देतो, आणि आपल्या पडद्यावर उत्तराच्या चार ओळी उमटतात. पहिल्यांदा त्या चार ओळी उमटल्या तेव्हा खोलीत मी एकटीच होते, तरी तोंडावर हात ठेवून हसले. मग मला सवयच लागली. रोज सकाळी सगळे संगणक सुरू करायचे आणि अकरा नंबरवरून एकेकाला हाक मारायची. सगळ्यांनी ओ दिली की माझा दिवस सुरू व्हायचा.

वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा क्लिप बसवायलाही मी तेव्हाच शिकले. आत आठ बारीक तारा असतात आणि त्यांचा रंगांचा क्रम चुकून चालत नाही. तो क्रम मी जीपमध्ये पुटपुटत यायची. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एकदा शेजारी बसलेल्या म्हातारीनं पूर्ण ऐकून घेतलं आणि हात जोडून विचारलं, "कोन्त्या देवाचं हाय गं माय हे?" मी म्हटलं, "आजी, हे परीक्षेचं हाय." त्या म्हणाल्या, "मंग तं लई मोठा देव हाय." पुढचे दोन थांबे जीपमधले सगळे हसत होते.

आता त्या शनिवारचं सांगते. सोमवारी परीक्षा, बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येणार, म्हणून लॅब स्वच्छ करायची होती. आमच्या विभागाचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते फरशी पुसत होते आणि मी त्यांना मदत करत होते. मामांचा नियम कडक. मेन बटण बंद केल्याशिवाय ते फरशीला पाणी लावत नाहीत. त्यामुळे सगळं बंद होतं, एकही दिवा लुकलुकत नव्हता.

"वायरी वर उचल गं पोरी, मी खालून फडका मारतो," मामा म्हणाले.

शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक संगणकाची वेगळी वायर ओढायला वायर पुरली नव्हती, म्हणून त्या रांगेच्या टेबलाखाली आठ भोकांचा एक छोटा स्विच ठेवला होता. त्या रांगेतले पाच संगणक त्याला जोडलेले, आणि त्याच्यातून एकच वायर भिंतीवरच्या मोठ्या स्विचला गेलेली. पाचांपैकी अठरा नंबरचा संगणक दुरुस्तीला नेला होता. त्याची निळी वायर तिथंच राहिली होती, आणि तिचं एक टोक फरशीवर पडलं होतं.

आमच्या घरी दावं असं मोकळं टाकलेलं चालत नाही. गाय सोडली, धुतली, पाण्यावर नेली, तरी दाव्याचं टोक गोठ्यात लोळत दिसलं की बाबा ओरडणार. पायात अडकतं, शेणात भरतं, अंधारात साप वाटतो. दावं सुटलेलं दिसलं की ते जवळच्या खुंटीला अडकवून टाकायचं, हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. तिथं विचार करावाच लागत नाही, हातच करतात. मी ती निळी वायर उचलली, ओढणीनं तिचं टोक पुसलं आणि छोट्या स्विचच्या एका रिकाम्या भोकात बसवून दिली. टक्क असा छान आवाज आला. फरशी मोकळी झाली. मामा म्हणाले, "हां, आता बराबर दिसून राहिलं." मलाही बरं वाटलं. मग आम्ही कुलूप लावून घरी गेलो.

सोमवारी साडेआठला मी लॅब उघडली, मेन बटण लावलं, संगणक सुरू केले आणि अकरा नंबरवर बसून सर्व्हरला हाक मारली. सर्व्हर म्हणजे मॅडमच्या टेबलावरचा संगणक. परीक्षेचे प्रश्न त्याच्यावरून आम्हाला मिळणार होते आणि उत्तरंही त्याच्यावरच जाणार होती. त्यानं ओ दिली नाही. बारा नंबरला हाक मारली. तोही गप्प. मग एकेक करत सगळ्यांना. कुणीच नाही.

भिंतीवरच्या स्विचकडे पाहिलं तर त्याचे सगळे हिरवे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते. एरवी ते कसे, एक इथं, एक तिथं, आपापल्या कामाप्रमाणे लुकलुकतात.

साडेनऊपर्यंत मॅडम आल्या, मामा आले, माझ्या बाकावरची मैत्रीण आली. ती हिंगोलीतलीच, तोंडानं फटकळ. "काय इंजिनियर बाई, परीक्षेच्या दिवशीच मुहूर्त काढला का?" ती म्हणाली. मला हसू आलं नाही. मॅडमनी राउटर बंद करून सुरू केला. स्विच बंद करून सुरू केला. एक मिनिट बरं वाटायचं आणि परत सगळे दिवे एका तालात. मामांनी स्विचवर हलकेच दोन चापट्या मारल्या. त्यानंही काही झालं नाही.

"परीक्षक अकराला येणार," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "मामा, शनिवारी फरशी पुसताना काही हललं का?"

"न्हाई मॅडम. म्या वायरीला हात बी न्हाई लावला. या पोरीला इचारा."

"नाही मॅडम, मामांनी काहीच हलवलं नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. मला स्वतःचं काहीच आठवलं नाही. वायर नीट लावून ठेवणं ही हलवाहलव होती असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मॅडम मोठ्या स्विचपुढं उभ्या राहून विचार करत होत्या. मला एक सुचत होतं, पण बोलावं की नाही कळेना. आमच्या शेतात ठिबकच्या नळीला कुठंतरी गळती असली की सगळ्या रानाला पाण्याचा जोर कमी पडतो. तेव्हा बाबा सगळं रान हुडकत बसत नाहीत. एकेका पट्ट्याचा कॉक बंद करतात. ज्याचा कॉक बंद केल्यावर बाकीचं पाणी जोरात यायला लागतं, गळती त्या पट्ट्यात.

"मॅडम," मी म्हणाले, "एकेक वायर काढून बघू का?"

"एकेक कशाला?"

"म्हणजे... जी काढल्यावर बाकीचे नीट होतील, बिघाड तिच्याकडं असंल."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. "बघ."

मी एक नंबरची वायर काढली. दिवे तसेच. परत लावली. दोन. तीन. मैत्रीण अकरा नंबरवर बसून सारखं पिंग करत होती आणि दर वेळी "न्हाई" म्हणत होती. "न्हाई. न्हाई. अजून न्हाई. पुढं चल बाई." पंधरा झाले. आता शेवटच्या रांगेकडं जाणारी एकच वायर उरली. ती मी ओढली आणि स्विचचे दिवे एकदम शांत झाले. मग एक इथं लुकलुकला, एक तिथं.

"ओ दिली!" मैत्रीण ओरडली. "मॅडम, सर्व्हरनं ओ दिली! चारही ओळी आल्या!"

मामांनी टाळी वाजवली. मला इतका आनंद झाला की मी ती वायर हातात धरून तशीच उभी राहिले. पंधरा संगणक सुरू झाले होते. पण परीक्षेला आम्ही अठरा जण होतो. शेवटची रांग सुरू व्हायलाच हवी होती.

मी टेबलाखाली शिरले. छोट्या स्विचचे दिवे अजून तसेच वेडे झाले होते. पहिल्या भोकातली वायर हातानं धरून तिच्या टोकापर्यंत गेले, सोळा नंबर. दुसरी, सतरा. तिसरी वायर निळी होती. ती धरून पुढं सरकत गेले तर माझा हात परत स्विचपाशीच आला. दोन्ही टोकं एकाच पेटीत.

तेव्हा मला शनिवारचा तो टक्क आवाज आठवला.

टेबलाखाली बसून मी किती वेळ घेतला सांगता येत नाही, फार तर अर्धं मिनिट असेल. पण तेवढ्यात सगळं डोक्यातून गेलं. वायर ओढून काढायची, बाहेर यायचं आणि सापडलं म्हणायचं. कुणी विचारणार नाही. किल्ली ओढणीलाच राहील. बाहेर मॅडम मामांना म्हणत होत्या, "बघा बरं मामा, नीट आठवा, फडका अडकला असेल कुठं." आणि मामा कळवळून सांगत होते, "मॅडम, आईच्यान, म्या न्हाई हो."

मी निळी वायर काढली आणि ती हातात घेऊनच बाहेर आले.

"मॅडम, मामांनी नाही. मी केलं. ही वायर मोकळी पडली होती, मी तिचं टोक याच स्विचमध्ये लावलं."

"काहून पण?" मैत्रिणीनंच विचारलं.

"सुटलेली दिसली म्हणून." मी म्हणाले. "आमच्याकडं दावं सुटलेलं दिसलं की बांधून ठेवतात."

मग मॅडम हसायला लागल्या. आधी ओठ दाबून, मग खुर्चीला धरून. मामाही हसायला लागले. "बराबर हाय मॅडम, पोरगी शेतकऱ्याची हाय. तिनं तुमचं नेटवर्क खुंटीला बांधलं." मैत्रीण तर टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मला आधी रडू येत होतं, पण चार माणसांच्या खोलीत तिघं तसं हसत असताना रडता येत नाही. मीही हसले.

दहा-चाळीस झाले होते. वर्गातले सगळे दाराशी जमले होते. मॅडमनी त्यांना आत बोलावलं. "दहा मिनिटं आहेत. इकडं या. पुस्तकात लूप वाचलाय ना सगळ्यांनी? आज बघा." मग मला म्हणाल्या, "लाव परत."

"परत?"

"तूच लाव. तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही."

सगळे हसले. मी शेवटच्या रांगेची वायर मोठ्या स्विचला जोडली आणि निळ्या वायरीची दोन्ही टोकं छोट्या स्विचमध्ये बसवली. दोन श्वासांत सगळे दिवे एका तालात धावायला लागले. मॅडम समजावत होत्या. काही निरोप एकासाठी नसतात, सगळ्यांसाठी असतात. असा निरोप आला की स्विच तो सगळ्या भोकांतून बाहेर सोडतो. या वायरीनं बाहेर गेलेला निरोप वळून परत आत येतो. स्विचला वाटतं नवा आला, तो परत सगळ्यांना सोडतो. थांबायचं कुठं हे कुणालाच कळत नाही, आणि त्या गर्दीत बाकीच्यांना वाटच मिळत नाही.

"काढ आता."

मी काढली. दिवे शांत झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "अजून एकदा लाव ना गं!"

परीक्षा वेळेवर सुरू झाली, अठराच्या अठरा जणांची. तोंडी परीक्षेला माझा नंबर आला तेव्हा परीक्षक सरांनी हब आणि स्विचमधला फरक विचारला, राउटर कशाला लागतो ते विचारलं. मी अडखळत पण नीट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "लूपमुळं काय होतं?" मी सांगायला लागले आणि थांबताच येईना. दिवे कसे दिसतात, राउटर बंद करून सुरू केला तरी काय होतं, कोणती वायर काढल्यावर काय शांत होतं. सरांनी पेन खाली ठेवलं. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. आज सकाळी मी केलं होतं."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

सगळे गेल्यावर मी ओढणीची गाठ सोडली आणि किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्या कागद लावत होत्या.

"हे काय?"

"तुम्ही म्हणाला होतात, काही बिघडलं तर..."

"बिघडलं तर म्हणाले होते. सापडलं तर काय, ते मी बोलले नव्हते." त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. "आता सुटलेली वायर दिसली तर काय करशील?"

"आधी तिचं दुसरं टोक शोधीन."

"शोध. आणि ती अठरा नंबरची वायर गुंडाळून कपाटात ठेव, नाहीतर मामा तिला घाबरून फरशी पुसायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी साडेआठला पोचले तर लॅबच्या दाराशी माझी मैत्रीण आणि आणखी दोघी उभ्या होत्या. तिघी हिंगोलीतल्या, दहाच्या आत कधी कॉलेजात न दिसणाऱ्या.

"आम्हाला काल मागून नीट दिसलंच नाही," त्यातली एक म्हणाली. "दाखव ना ते."

"मला लावायचंय," दुसरी म्हणाली.

"रांगेनं," मैत्रीण म्हणाली. "आधी इंजिनियर बाईंना विचारा. लॅब त्यांची आहे."

मी दार उघडलं, मेन बटण लावलं, कपाटातून निळी वायर काढली. आधी अकरा नंबरवरून सगळ्यांना हाक मारून घेतली. सगळ्यांनी ओ दिली. मग वायर पहिलीच्या हातात दिली आणि सांगितलं की टक्क आवाज आला पाहिजे, नाहीतर बसली असं समजायचं नाही. आवाज आला. भिंतीवरचे दिवे धावायला लागले आणि तिघी किंचाळल्या. काढली, शांत झाले. मग दुसरीनं लावली. मग तिसरीनं. चौथ्या वेळी कुणाची पाळी यावरून भांडण सुरू झालं तेव्हा दारातून मामांनी डोकं आत घातलं.

"आरं देवा. आता ह्या चौघीजणी बांधून राहिल्या का?" ते म्हणाले, आणि फडका खांद्यावर टाकून आत आले. "सरका जरा. मला बी बघू द्या काय व्हतंय ते."